मेथीच्या डबीतलं कार्ड आणि इतर मालमत्ता

मी, कौमुदी रमेश पाटणकर, वय वर्षे सेहेचाळीस, व्यवसाय फिजिओथेरपिस्ट आणि अंध स्कीपटूंची मार्गदर्शक, राहणार सोन्टहोफेन, आल्गॉय, जर्मनी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्याचशा रागात लिहीत आहे. माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला आहे. नऊ एप्रिलला त्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांच्या मते धोका थोडाच आहे, पण “कागद करून ठेवा” हेही त्यांनीच सांगितलं. डोक्यात फुगा असला तरी डोकं ठिकाणावर आहे असा दाखला मी त्यांच्याकडून घेतला असून तो सोबत जोडला आहे. माझे थोरले बंधू हृषिकेश यांनी तो आधी वाचावा.

इथल्या कायद्याप्रमाणे असं मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. टाइप केलेलं चालत नाही. भाषा कोणतीही चालते. मी मराठी निवडली, कारण माझ्या आईला, श्रीमती अहिल्या रमेश पाटणकर यांना, हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावं लागू नये. आमच्या घरात जर्मन कागदांचं भाषांतर हृषिकेश करतो आणि भाषांतरात स्वतःची सोय पाहतो. साक्षीदारांची इथे गरज नसते. आईला मात्र साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र म्हणजे अक्षतांशिवाय लग्न वाटतं, म्हणून ते घेतले आहेत.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आहे आणि शेवटचे असावे असा विचार आहे.

कलम २. बाबा १९७४ साली इथल्या गिअरच्या कारखान्यात नोकरीला आले. पुढे त्यांनी घेतलेली ही तिसऱ्या मजल्यावरची सदनिका माझ्या नावावर आहे. ती मी माझी एकुलती एक मुलगी सिया हिला देत आहे. सिया ड्रेस्डेनला शिकते. तिचे वडील २०१४ पासून आमच्या आयुष्यात नाहीत आणि या कागदातही नाहीत.

मात्र आईला या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. जर्मनमध्ये याला वोनरेश्ट म्हणतात. मराठीत याला साधी माणुसकी म्हणतात, पण माणुसकीची नोंदणी करता येत नाही, म्हणून वोनरेश्टची करावी. तिला ड्युसेलडॉर्फला नेऊन, तिथे “फार छान, बाग असलेल्या” वृद्धाश्रमात ठेवण्याचा जो बेत हृषिकेशने गेल्या गणपतीत माझ्यासमोर मांडला, तो या कलमाने बंद होत आहे. आईला बागेत रस नाही. तिला तिचा गॅस, तिची खिडकी आणि खालच्या बेकरीतली बाई लागते, जी चाळीस वर्षं तिला “फ्राऊ पाटांकार” म्हणते.

सिया, तू सगळं समजतेस आणि उत्तर जर्मनमध्ये देतेस, त्याबद्दल तक्रार नाही. तू दहा वर्षांची असताना एकदा म्हणाली होतीस, “आई, दिवसभर तू त्या व्रोनीशीच बोलत असतेस, घरी आलीस की तुझ्याकडे शब्दच उरत नाहीत.” मी तेव्हा तुझ्यावर ओरडले. तू बरोबर होतीस. हे मृत्युपत्र आजीकडून वाचून घे. तिला बरं वाटेल.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते सियाचे. त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

कलम ४. हृषिकेशला मी बाबांचं मनगटी घड्याळ देत आहे. ते त्याला हवं होतं. त्यासोबत एक गोष्टही देत आहे, ती त्याला नको असेल.

तीन दिवाळ्यांपूर्वी, ड्युसेलडॉर्फच्या तुझ्या घरी, तुझ्या ऑफिसची माणसं फराळाला आली होती. तू माझी ओळख करून दिलीस: “ही माझी धाकटी बहीण. आंधळ्यांना डोंगरावरून ढकलते.” सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात चकल्यांची परात घेऊन आलेली आई म्हणाली, “ढकलत नाही रे. पुढे असते ती.”

माझ्या कामाचं याहून अचूक वर्णन कोणी केलेलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते. मी पुढे असते. माझ्या मागे पाच-सहा मीटरवर व्रोनी, माझी अंध स्कीपटू, असते. तिच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, आणि शर्यतीत तोही काळ्या गॉगलने झाकतात. दोघींच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. ताशी सत्तरच्या वेगाने उतरताना मी बोलत राहते: डावीकडे, उजवीकडे, बर्फ कडक, उंचवटा येतोय. ती माझ्या आवाजावर वळते. मी गेट, म्हणजे उतारावर रोवलेल्या दोन काठ्यांमधली वाट, चुकवलं तर बाद आम्ही दोघी होतो. हे ढकलणं नव्हे, हृषिकेश. तू आयुष्यात एकदा तरी कोणाच्या इतका पुढे आणि इतका जवळ राहिला असतास तर तुला फरक कळला असता.

कलम ५. साधने. उपचाराचे टेबल, पट्ट्या आणि तेलांच्या बाटल्या माझी मैत्रीण देवश्री केतकर हिला. ती दवाखान्यात माझ्याबरोबर आठ वर्षे काम करते आणि तिचे टेबल करकरते.

स्कीच्या तीन जोड्या, बूट आणि स्कीला मेण लावायची इस्त्री गावातल्या मुलांच्या स्कीवर्गाला द्यावी. मी चार वर्षांची असताना बाबांनी मला तिथेच नेऊन सोडलं होतं. बाबांना स्वतःला बर्फावर नीट उभंही राहता येत नव्हतं. ते कुंपणाशी थांबून “गुडघे वाकव, गुडघे!” असं मराठीत ओरडायचे आणि इतर आईबाप वळून बघायचे.

मार्गदर्शकाचं केशरी जॅकेट आणि रेडिओचा जोड जो कोणी यापुढे हे काम करेल त्याला द्यावा. त्यासोबत दोन नियमही. ते कुठल्या पुस्तकात नाहीत. व्रोनी अकरा वर्षांची असताना आम्ही दोघींनी ते चुकत-माकत ठरवले.

पहिला: दिसतं तेच बोलायचं. आठवणीतलं बोलायचं नाही. डोंगर रोज बदलतो.

दुसरा: आवाज तुटला की मागच्याने थांबायचं. रेडिओ बंद पडो, मार्गदर्शक पडो, काहीही होवो. पुढचा गप्प झाला तर क्षणाचाही विचार न करता थांबायचं.

दुसरा नियम व्रोनीने तेरा हिवाळे पाळला. पहिला माझा होता.

कलम ६. पदके. नऊ आहेत. त्यांतली पाच व्रोनीची असून तिने ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. ती तिला परत करावी. उरलेली चार माझी. पहिल्या काही वर्षांत आमच्या क्लबच्या समारंभात मार्गदर्शकाला पदक मिळत नसे, फुलांचा गुच्छ मिळे. “आणि तिच्या सोबतीचेही आभार,” एवढं एक वाक्य. सोबत! जणू मी तिची पिशवी धरून उभी होते. पुढे नियम बदलला आणि पदकं आली, पण स्थानिक वर्तमानपत्राची सवय काही गेली नाही. २०२३ च्या विजयाच्या फोटोत डाव्या कडेला एक केशरी बाही दिसते. ती माझी. फोटो कापणाऱ्याला ती नीट कापताही आली नाही.

व्रोनीने ते कात्रण तिच्या आईकडून वाचून घेतलं आणि वर्तमानपत्राला फोन केला. “तुम्ही माझे डोळे कापलेत,” ती त्यांना म्हणाली. “बाकी फोटो छान आहे असं ऐकते.” पुढच्या अंकात अंगठ्याएवढी दुरुस्ती आली. ती दुरुस्ती चौथ्या पदकाच्या डबीत आहे. पदके सियाने ठेवावीत किंवा विकावीत. दुरुस्ती मात्र फेकू नये.

कलम ७. हेर (म्हणजे इथले श्रीयुत) डॉर्नाखर, आमच्या क्लबचे प्रशिक्षक, यांना मी काही देत नाही.

हे लिहीत असताना देवश्री भरली वांगी घेऊन आली होती. मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, “अगं, मृत्युपत्रात भांडणं लिहितात का?”

“मग कुठे लिहू?”

“लिहू नये. माणसं काय म्हणतील?”

“मी गेल्यावर म्हणतील ना. म्हणू देत.”

“आल्झो, हे बघ, मी सही करणारे त्याच्यावर. माझं नाव खाली येणार,” असं पुटपुटत ती आईला वांगी द्यायला गेली. म्हणून थोडक्यात लिहिते. हेर डॉर्नाखर यांना माझ्या अंत्यविधीला यायला हरकत नाही, पण भाषण करू देऊ नये. ते उत्तम बोलतात. त्यांच्या उत्तम बोलण्याने काय होतं ते कलम ९ मध्ये येईल.

कलम ८. दहन करावे. राख घरी ठेवायला इथे परवानगी नाही, तेव्हा आईने ती लोणच्याच्या बरणीत लपवण्याचा विचार सोडून द्यावा. बाबांच्या शेजारी जागा आहे. डोंगरावर उधळायचे काव्य कोणी करू नये. मला त्या डोंगराचा सध्या राग आहे.

कलम ९. इथे माझा हात थांबतो आहे. तरी लिहिते.

स्वयंपाकघरात आईचा मिसळणाचा डबा आहे. त्यातल्या मेथीच्या डबीत, दाण्यांच्या खाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं नखाएवढं मेमरी कार्ड आहे. ते माझ्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला लावलेल्या कॅमेऱ्याचं. त्यात १ फेब्रुवारी २०२५ च्या शर्यतीची एक्केचाळीस सेकंदं आहेत, आमच्या रेडिओच्या आवाजासकट.

त्या दिवशी ढग खाली आले होते. अशा उजेडात बर्फावर सावली पडत नाही, खड्डा आणि उंचवटा सारखेच पांढरे दिसतात. सुरुवातीच्या जागेवर मी हेर डॉर्नाखर यांना म्हणाले, “मला सातव्या गेटच्या पुढचं काही दिसत नाही. थांबू या.” निवड समितीचे लोक खाली उभे होते. हेर डॉर्नाखर हसून म्हणाले, “तुला दिसायची गरज काय? हा उतार तुला पाठ आहे.”

नाही म्हणायचा अधिकार मार्गदर्शकाला असतो. मला होता. मागे व्रोनी उभी होती, तिने विचारलं, “निघायचं?” आणि मी म्हणाले, “निघायचं.”

चौथ्या गेटनंतर ढग आणखी खाली उतरला आणि मला काहीही दिसेना. त्या क्षणी त्या उतारावर दोन अंध बायका होत्या आणि त्यांतली एकच ते मान्य करत होती. मी “थांब” म्हणायला हवं होतं. नुसती गप्प झाले असते तरी ती थांबली असती. पण मी बोलत राहिले, ठाम आवाजात, सगळं पाठ केलेलं. आदल्या दिवशी यंत्राने सातव्या गेटनंतरचा उंचवटा नव्याने बांधला होता, आधीपेक्षा उंच आणि चार मीटर अलीकडे. माझ्या गुडघ्यांना तो कळला तेव्हा मी ओरडले. तोवर व्रोनी हवेत होती.

तिची मांडी दोन ठिकाणी मोडली, मनगटही.

चौकशीचा अहवाल हेर डॉर्नाखर यांनी लिहिला. सूचना वेळेवर दिली, खेळाडूने प्रतिसाद उशिरा दिला. मला म्हणाले, “मार्गदर्शकाची चूक म्हटलं की तुझा परवाना जातो, क्लबची चौकशी होते, सगळ्यांचा हंगाम बुडतो. खेळाडूची चूक म्हणजे काय, पडली. खेळाडू पडतातच.” कॅमेऱ्याचं कार्ड मागितलं. मी हरवलं म्हणाले. हे धाडस नव्हतं. पुढच्याच मिनिटाला मी अहवालावर सही केली.

व्रोनीची हाडं जुळली. मी स्वतः तिला चालायला लावलं, रोज, माझ्याच टेबलावर तिचा पाय दाबून. आणि रोज ती म्हणायची, “माझे पायच चुकले, कौमु. तू सांगितलंस आणि यांनी ऐकलं नाही.” मी म्हणायचे, “अजून दहा वेळा वर उचल.” जी मुलगी एकटी बसने म्युनिकला जायची, ती आता आईला धरल्याशिवाय फुटपाथवरून उतरत नाही. स्वतःच्या पायांवर तिचा भरवसा उरला नाही, आणि तो मी घालवला आहे.

तरी ते कार्ड माझ्या मृत्यूनंतर बंद पाकिटात घालून व्रोनीला द्यावे. कलम ९ समाप्त.

(येथपर्यंत दि. २८ मार्च २०२६ रोजी लिहिले. पुढील मजकूर दि. ५ एप्रिल रोजी.)

कलम १०. काल, शनिवारी दुपारी, व्रोनीची आई तिला आमच्या दारात सोडून गेली. व्रोनीच्या हातात एक कागद होता. हेर डॉर्नाखर यांनी टपालाने पाठवलेला, छापील.

“फोन वाचून दाखवतो ना तुला,” मी म्हणाले.

“फोनचा आवाज एकसारखा असतो. चांगलं वाईट सगळं एकाच सुरात. तू वाच, आणि सही कुठे करायची तिथे माझं बोट ठेव.”

मी वाचायला लागले. संघातून स्वेच्छेने निवृत्ती. नाव, जन्मतारीख. मग तिसरं वाक्य: एक फेब्रुवारीची दुर्घटना माझ्या विलंबित प्रतिसादामुळे घडली हे मला मान्य असून...

पुढचं माझ्या तोंडून निघेना.

व्रोनीने पेन टेबलावर ठेवलं. हात मांडीवर घेऊन बसून राहिली. स्वयंपाकघरात आई काहीतरी परतत होती, त्याचा आवाज येत होता.

“वाच ना,” ती शेवटी म्हणाली.

“थांब जरा.”

“थांबलेच आहे. तू गप्प झालीस. तू गप्प झालीस की मी थांबते. काय आहे पुढे, कौमु?”

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातली डबी काढली. आई म्हणाली, “मेथी कशाला आत्ता? फोडणी झाली माझी.” आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिने गॅस बंद केला.

कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. व्रोनीने तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी ती बोटाने टेबलावर गेट मोजत होती. सातव्यानंतर तिचं बोट वर उचललं गेलं, आणि त्यानंतर माझा आवाज आला.

“मी हवेत आहे,” ती म्हणाली. “मग तू बोलतेस.”

“हो.”

“तुला दिसत होतं?”

“नाही. चौथ्या गेटपासून काहीच नाही.”

“मग तू काय सांगत होतीस मला?”

“पाठ केलेलं.”

तिने मोडलेल्या मांडीवर हात ठेवला. मग म्हणाली, “मी पायांना शिव्या दिल्या. चौदा महिने. रोज सकाळी उठून माझ्याच पायांना. आणि तू ते हातात धरून बसायचीस.”

आईने चहा आणला. तिला जर्मन फारसं येत नाही, पण तिने माझ्यासमोर कप ठेवलाच नाही, फक्त व्रोनीसमोर ठेवला. व्रोनी म्हणाली, “डांके, आई,” आणि प्यायली नाही.

तिने कार्ड मागून घेतलं, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलं. कागद चार घड्या घालून दुसऱ्या खिशात, सही न करता. मी नेहमीसारखं कोपर पुढे केलं. माझ्या बाहीचा स्पर्श तिला झाला, पण तिने ते धरलं नाही. कठड्याला हात लावून ती निघाली. तीन जिने. मी वर उभी राहून पायऱ्या मोजत होते आणि तोंडातून शब्द येऊ नये म्हणून ओठ दातांखाली धरले होते. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर एक पायरी कमी आहे, हे तिला सांगायला माझा जीव तडफडत होता. ती तिथे अडखळली. सावरली. पुढे गेली.

कलम ११. त्यामुळे कलम ९ मधील शेवटची तरतूद रद्द समजावी. ती वस्तू मालकिणीला माझ्या हयातीतच पोचली आहे. ती मरणानंतर पोचवायचं मी ठरवलं होतं, म्हणजे तिने ओरडायला यावं तेव्हा मी जागेवर नसावं, असा माझा बेत होता. वरचा मजकूर मी खोडत नाही. माझा भित्रेपणा माझ्या अक्षरात राहू दे.

आज सकाळी मी क्लबच्या वरच्या संघटनेला पत्र लिहिलं: अहवालावरची माझी सही खोट्या मजकुराखाली आहे. कार्डची प्रत काल व्रोनीला ऐकवतानाच काढून घेतली होती, तिला विचारून. ती जोडली आहे. माझा परवाना जाईल. जावा. हेर डॉर्नाखर यांचा दुपारी फोन आला होता. ते उत्तम बोलले. मी त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग फोन ठेवला.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवश्रीचे यजमान सिद्धेश केतकर यांनी करावी. कलम २ मधील आईच्या हक्काबाबत कोणाचेही, विशेषतः ड्युसेलडॉर्फचे, काही ऐकू नये.

कलम १३. व्रोनीला मी या कागदाद्वारे काही देत नाही. जे तिचं होतं ते तिला मिळालं, आणि जे माझ्याकडून तिचं नुकसान झालं ते देऊन भरून येणारं नाही. माफी मी मागितलेली नाही. तिने तशी संधी दिली नाही आणि ते योग्यच आहे. परंतु तळमजल्यावर पोचल्यावर तिने जिन्यातून वर हाक मारली होती. तिचा आवाज तीन मजले चढून आला. शेजाऱ्यांनीही ऐकला असेल.

“कौमु! ऑपरेशन गुरुवारी ना?”

“हो.”

“मरू नकोस. मला तुला अजून पुष्कळ बोलायचंय. आज सुरुवातसुद्धा झाली नाही. मेलीस तर मी तुला कधी माफ करणार नाही.”

दार जोरात आपटलं.

तेव्हा माझ्या वारसांना, डॉक्टरांना आणि ज्या कोणाच्या हाती हे असेल त्या सर्वांना कळावे, की हा कागद शक्य तितक्या उशिरा उघडण्यात यावा. मला बोलणी खायची आहेत.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि मला मान्य आहे.

ठिकाण: सोन्टहोफेन, आल्गॉय
दिनांक: ५ एप्रिल २०२६, रविवार

(सही) कौमुदी रमेश पाटणकर

साक्षीदार:

१. (सही) देवश्री सिद्धेश केतकर. भांडणांसकट वाचले. सही करते.

२. (सही) सिद्धेश अनंत केतकर

कायद्याने गरज नसताना, स्वतःच्या आग्रहावरून:
(सही) अहिल्या रमेश पाटणकर. मेथीच्या डबीत कार्ड आहे हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होते. मीही बोलले नाही. हेही लिहून ठेवावे.